जपानी शाळेत पाहुणे म्हणून जाताना: शिक्षकाची तयारी, कागदांपासून फळ्यापर्यंत

निवडीचं पत्र हातात पडलं की आपला पहिला फोन जातो तो आधी परदेशी जाऊन आलेल्या मित्राला. थंडी किती, स्वेटर लागेल का, आपलं जेवण मिळतं का. मीही तेच केलं. लोकरीचे मोजे, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, सगळं बरोबर नेलं. दुसऱ्याच दिवशी सहावीतल्या एका मुलीने दुभाष्यामार्फत विचारलं, "तुमच्या शाळेत दुपारी काय खायचं हे कोण ठरवतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं रोज व्हरांड्यात खिचडी वाढली जात होती, पण एका मुलामागे किती तांदूळ येतो आणि तो कुठल्या नियमाने येतो, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

म्हणून या लेखात बॅगेला शेवटची जागा दिली आहे. एक-दोन आठवड्यांसाठी जपानमधल्या शाळा पाहायला, तिथे एखादा तास घ्यायला जाणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची दीड वर्षाची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्तीही असते. तिला ३५ वर्षांखालचं वय आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिची तयारी अगदी वेगळी. साकुरा सायन्ससारख्या, विद्यार्थ्यांना थोड्या दिवसांसाठी जपानला नेणाऱ्या कार्यक्रमात मार्गदर्शक म्हणून जाणाऱ्यांना मात्र इथलं बरंचसं लागू पडेल.

तारखा आधी

जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा सुट्टी, एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 'गोल्डन वीक', आणि साधारण २० जुलैपासून ऑगस्टअखेर उन्हाळी सुट्टी. तारखा निवडणं तुमच्या हातात असेल तर आपली मे महिन्याची सुट्टी उत्तम. गोल्डन वीक संपला की तिकडे शाळा पूर्ण जोमात असतात आणि इकडे तुमच्या वर्गाचं नुकसान होत नाही. आपली दिवाळीची सुट्टीही तशीच सोयीची. ऑगस्टमध्ये मात्र रिकाम्या वर्गखोल्या पाहून परत याल.

यजमान शाळेशी आधी एक-दोनदा व्हिडिओवर बोलणं झालं तर फार बरं. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे साडेबारा, ऐन जेवणाची वेळ, तेव्हा ती सोडून द्या. आपले सकाळचे साडेअकरा म्हणजे त्यांचे तीन. मुलं निघायच्या बेतात असतात, शिक्षक शाळेतच असतात. ही वेळ जमते.

परवानगीची उतरंड

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ही वाट पाठ असते: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी. अर्जासोबत निमंत्रणपत्र, दौऱ्याचं दिवसवार वेळापत्रक आणि 'खर्च कोण करणार' हे एका ओळीत स्पष्ट लिहिलेलं पान जोडा. ते पान नसलं की फाइल हमखास परत येते. आदेशात हा काळ कर्तव्यकाळ धरला जाणार की रजा, हे लिहून घ्या. "नंतर बघू" म्हणाले तर परत आल्यावर पगारपत्रकात तुम्हालाच बघावं लागतं.

पासपोर्ट नसेल आणि ना हरकत प्रमाणपत्राला वेळ लागत असेल, तर कार्यालयाला पूर्वसूचना दिल्याचं विहित नमुन्यातलं पत्र जोडूनही अर्ज करता येतो. शिक्षिकांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते: सेवापुस्तकात माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, निमंत्रणपत्रावर तिसरंच काहीतरी. जपानी यजमानांना पहिल्याच मेलमध्ये पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर कळवा. त्यांच्याकडची सगळी कागदपत्रं त्याच नावाने तयार होतात आणि मागाहून बदल करायचा म्हटलं तर ते बिचारे पुन्हा पहिल्या पायरीवर जातात.

आता बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार सरकारी सेवकांना, तसंच सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना परदेशात परकीय आदरातिथ्य स्वीकारायचं असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, तिथला प्रवास यांचा खर्च दुसरा देश किंवा तिथली संस्था करत असेल, तर ते आदरातिथ्यच. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एफसी-२ या नमुन्यात करायचा असतो. तुमच्या पदाला आणि तुमच्या दौऱ्याला हे लागू होतं की नाही, याचं उत्तर कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी "काही लागत नाही" वर विसंबू नका.

व्हिसाचं काम त्या मानाने सरळ आहे, अट एकच: योग्य प्रकारचा व्हिसा मागायचा. भारतीयांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, पण तो पर्यटनासाठीचा. शाळाभेटीच्या निमंत्रणावर जाताना अल्प मुक्कामाचा नेहमीचा व्हिसा घ्यावा. त्यासाठी यजमानांकडून निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र आणि मुक्कामाचा रोजचा तक्ता येतो. विमानात बसण्याआधी 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवा, आणि त्याचा फोटो फोनमध्ये साठवा. उतरल्यावर इंटरनेट लागेलच असं नाही.

आधी आपली शाळा पाहून घ्या

माझ्या मते तयारीतला सर्वांत मोठा वाटा याला द्यावा. तिकडे जाऊन तुम्ही जितके प्रश्न विचाराल, तितकेच तुम्हाला विचारले जातील. एका कागदावर लिहून काढा: पट किती, वर्ग किती, शिक्षक किती, मुलं किती लांबून आणि कशी येतात, घरी कोणती भाषा बोलतात, दहावीनंतर कुठे जातात, पाणी कुठून येतं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, हे प्रमाण ठरवलं आहे. जपाननेही २०२१ मध्ये कायदा बदलून प्राथमिक वर्गांची मर्यादा ४० वरून ३५ वर आणायला घेतली. आकडे जवळजवळ सारखे, पण तुमच्या वर्गात प्रत्यक्षात किती मुलं बसतात, आणि चार इयत्ता मिळून शिक्षक दोनच असतात का, ते तुम्हीच सांगू शकता.

जेवणाचा विषय तर निघतोच. राष्ट्रीय मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं, आणि २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. त्यांच्याकडे शाळेतलं जेवण पहिल्यांदा १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावात गरीब मुलांसाठी दिलं गेलं, आणि १९५४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. म्हणजे दोन्हीकडे सुरुवात भुकेपासूनच झाली. तिथे सर्वसाधारणपणे पालक जिन्नसांचे पैसे भरत आले आहेत, अलीकडे मात्र बऱ्याच ठिकाणी ते माफ होऊ लागले आहेत. आपल्याकडे मुलाला एक पैसा द्यावा लागत नाही, हे ऐकून जपानी शिक्षक थबकले होते. हे सांगताना छाती फुगवायची गरज नाही आणि खिचडीबद्दल ओशाळायचीही नाही. जे आहे ते सांगायचं.

नेण्यासाठी एक तास

बहुतेक दौऱ्यांत पाहुण्या शिक्षकाला एक तास घ्यायला सांगतात. प्राथमिकला तो ४५ मिनिटांचा असतो, माध्यमिकला ५०. आपले लोक काय करतात? ताजमहाल, होळी, हत्ती, मोर अशा चाळीस स्लाइड. मुलं नम्रपणे पाहतात, टाळ्या वाजवतात, संपलं. त्यापेक्षा एकच गोष्ट न्या, जी त्यांच्या हाताला लागेल.

मला सर्वांत लाभलेला विषय पाढ्यांचा. जपानी मुलं दुसरीत 'कुकु' शिकतात, म्हणजे एक ते नवाचे पाढे, आणि तेही ठेक्यात. आपलं "बे दुणे चार", त्यांचं "नि निन गा शि". आपलं "बे त्रिक सहा", त्यांचं "नि सान गा रोकु". गंमत अशी की, पाठांतराला लय यावी म्हणून दोन्ही भाषांनी आकड्यांचे उच्चार वाकवले आहेत. आपण पाढ्यात 'तीन' न म्हणता 'त्रिक' म्हणतो, 'चार' न म्हणता 'चोक'. जपानी मुलं उत्तर एक अंकी असेल तेव्हा मध्ये 'गा' घालतात, दोन अंकी झालं की गाळतात. वर्गाचे दोन गट करा, एकाला बेचा पाढा मराठीत शिकवा, दुसऱ्याने जपानीत म्हणायचं, आळीपाळीने. वीस मिनिटं कशी गेली कळत नाही. मग आपल्याकडे पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीही पाठ असायची, हे फळ्यावर दाखवा. अपूर्णांकांचे पाढे पाहून त्यांचे शिक्षकच वही काढतात.

दुसरा विषय अक्षरांचा. जपानी वर्णमालेत स्वरांचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ, आणि व्यंजनांच्या ओळी अशा: क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली बाराखडी येणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेलच. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो तिकडे पोहोचला. 'ह'ची ओळ अधेमधे कशी, असं वाटलं तर त्याचंही उत्तर आहे: त्या जागी पूर्वी 'प'चा उच्चार होता. म्हणजे कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंतचा आपलाच प्रवास. फळ्यावर दोन्ही क्रम शेजारी लिहा आणि प्रत्येक मुलाला त्याचं नाव देवनागरीत लिहून द्या. 'हारुतो', 'साकुरा', 'युई' ही नावं आपल्या लिपीत फार सहज बसतात. ते चिठोरं मुलं घरी नेतात. चाळीस स्लाइडींपैकी एकही घरी जात नाही.

या विषयाला एक महाराष्ट्राचा धागाही आहे. कोयासान हे कुकाई या भिक्षूने इसवी सन ८१६ मध्ये वसवायला घेतलेलं डोंगरावरचं मठगाव वाकायामा प्रांतात येतं, आणि त्या प्रांताशी महाराष्ट्र शासनाचा २०१३ पासून सहकार्य करार आहे. कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही उभारला गेला. तुमचा दौरा ओसाकाच्या बाजूला असेल तर एक दिवस त्यासाठी मागून घ्या.

वर्गात मागे बसून काय पाहायचं

जपानी शाळा पाहून आलेला माणूस दोनच गोष्टी सांगतो: मुलं स्वतः वाढतात आणि स्वतः साफसफाई करतात. त्या दोन्ही पाहाच. पण शिक्षकाने पाहावा असा खरा खजिना फळ्यावर असतो. त्याला ते 'बानशो' म्हणतात. एका तासाला एक फळा: डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांनी काढलेल्या वेगवेगळ्या रीती, उजवीकडे वर्गाने मिळून काढलेला निष्कर्ष. डस्टर सहसा लागतच नाही. तास संपल्यावर फळा वाचला की विचार कुठून कुठे गेला ते दिसतं. चुकीची रीतही पुसत नाहीत, ती तिथेच राहते आणि तिच्यावर चर्चा होते. परवानगी मिळाली तर फोटो मुलांचे न काढता फळ्याचे काढा, दर दहा मिनिटांनी एक. पुढे तेच उपयोगी पडतील.

नशीब असेल तर 'जुग्यो केनक्यू' पाहायला मिळेल. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलं पाहतात, आणि मग तासभर फक्त त्या पाठावर बोलतात. आपल्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेचं मूळ स्वप्न हेच होतं, नंतर त्यात परिपत्रकं वाचली जाऊ लागली. तिथे एक पथ्य पाळा: अडलेल्या मुलाजवळ जाऊन उत्तर सांगू नका. आपला हात शिवशिवतो, पण निरीक्षकाने शिकवायचं नसतं. मूल किती वेळ अडतं आणि कशाने सुटतं, हेच तर पाहायचं असतं.

साफसफाईबद्दल मात्र एक सावधगिरीचा शब्द. 'सोजी'च्या पंधरा मिनिटांत सगळी मुलं आळीपाळीने फडकं घेतात, शिक्षकही वाकून जमीन पुसतात. ते पाहून परत आलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती झाडू देतो. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती जायचा आणि शौचालय कोणी धुवायचं हे जातीने आणि मुलगी-मुलगा पाहून ठरत आलं आहे. तो इतिहास तुमच्या वर्गातही बसलेला असतो. जपानमध्ये पाहायची गोष्ट आहे पाळीचा तक्ता: त्यातून कोण सुटतं? कोणीच नाही, मुख्याध्यापकाचा मुलगाही नाही. उचलायचंच असेल तर तो तक्ता उचला, आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा.

पोट, औषधं आणि चिक्की

शाकाहारी मंडळींनी 'व्हेजिटेरियन' या शब्दावर भरवसा ठेवू नये. मांस नाही म्हणजे शाकाहारी असं मानून समोर आलेल्या सूपमध्ये 'दाशी' नावाचा अर्क असतो, आणि तो बहुधा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाचा. "मांस, मासे, अंडी आणि माशांचा दाशी चालत नाही" असं वाक्य यजमानांकडून जपानीत लिहून घ्या आणि छापून खिशात ठेवा. शाळेतल्या जेवणाच्या वेळी तुमच्यासाठी वेगळं शिजवायला सांगू नका. अ‍ॅलर्जी असलेली मुलं घरून डबा आणतात, तसा तुम्हीही आणाल असं आधी कळवलं की प्रश्न मिटतो. जैन शिक्षकांनी मठांतली 'शोजिन र्योरी' चाखावी. तिच्यात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. मुळा, गाजर, कमळकाकडी मात्र असते.

ताजी फळं, कढीपत्ता आणि कोणत्याही रूपातलं मांस नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह एक महिन्यापुरतीच. त्याहून जास्त लागत असतील तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य मंत्रालयाची मंजुरी घ्यावी लागते. सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्यांना बंदी आहे, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेण्याआधी नियम तपासा.

भेटी छोट्या हव्यात. शिक्षकांच्या खोलीसाठी वेगवेगळ्या कागदात बांधलेला सुका खाऊ चालतो. पण वर्गात मुलांना शेंगदाण्याची चिक्की वाटायला जाऊ नका. २०१२ मध्ये टोकियोजवळच्या चोफू शहरात शाळेतल्या जेवणामुळे अ‍ॅलर्जी होऊन एक मुलगी दगावली, तेव्हापासून शाळा याबाबत कमालीच्या दक्ष आहेत. मुलांसाठी ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद किंवा लाकडी भोवरा न्या. भोवरा त्यांच्याकडेही आहे, 'कोमा' म्हणतात. जाळी कशी लावायची यावरून लगेच दोस्ती होते.

राहिलेली बॅग

मोजे. खरंच, मोजेच. शाळेच्या दारात बूट काढून चपला घालायच्या, शौचालयात पुन्हा वेगळ्या चपला, दिवसातून दहा वेळा पाय सगळ्यांसमोर. अंगठ्याला भोक पडलेला मोजा किती महाग पडतो ते मला ठाऊक आहे. बूट लेस न सोडता निघणारे हवेत.

तिकडे वीज १०० व्होल्टची आणि पिन दोन चपट्या पात्यांची. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपली इस्त्री चालत नाही. व्हिजिटिंग कार्डं निदान पन्नास, मागच्या बाजूला नाव आणि शाळा जपानी लिपीत. देताना-घेताना दोन्ही हात. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि स्टेटसला तर मुळीच टाकू नका. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. वर्गात असताना जमीन हलली, तर मुलं क्षणात बाकाखाली जातात. तुम्हीही जा, पाहत उभे राहू नका.

परतीच्या विमानातच फळ्यांच्या फोटोंतून तीन निवडा. जूनमध्ये केंद्राच्या पहिल्या शिक्षण परिषदेत बोलायला बोलावतील, तेव्हा देखावे आणि बुलेट ट्रेन बाजूला ठेवून हे तीन फळे दाखवा, आणि पुढच्या महिन्यात तुमच्याच वर्गात एक पाठ ठेवून बाकीच्यांना मागे उभं राहायला बोलवा. यजमान शाळेला आभाराचं पत्र मुलांच्या हातून लिहून घ्या, देवनागरीत, खाली त्यांचे पाढे.